पाळी जाण्याचा काळ

पाळी कायमची थांबण्याआधीची काही वर्षे. वैद्यकात याला रजोनिवृत्तिपूर्व काळ म्हणतात, दवाखान्यात पेरिमेनोपॉज. मराठवाड्यातल्या बायका 'पाळी जायला आली' एवढेच म्हणतात. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे धरतात. भारतात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होते.

या काळात इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातले हार्मोन खाली-वर होत राहते. पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येते. अंगातून एकदम वाफ निघते, रात्री घामाने झोप मोडते, चिडचिड वाढते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो. तेव्हा 'अंगाची आग होतीय' ही तक्रार उन्हाच्या नावावर खपून जाते. पंचेचाळिशीनंतर निदान लक्षणांवरूनच होते. हार्मोनची रक्ततपासणी सहसा लागत नाही, कारण आकडे रोज बदलतात. पाळी चुकत असली तरी दिवस राहू शकतात, हे मात्र बहुतेकींना कोणी सांगितलेले नसते.

मराठवाड्यात या विषयाला पिशवीची, म्हणजे गर्भाशयाची, वेगळी बाजू आहे. ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे मुकादमाला द्यायचा दंड. डोक्यावर मोळी घेऊन ट्रक भरणाऱ्या बाईला अंगावरून फार जाऊ लागले की 'पिशवी काढून टाका' हा सल्ला सोपा वाटतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये तपासलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सोबत अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते. ते ठेवले तरी ती लवकर येऊ शकते. म्हणजे त्रास टळत नाही, उलट आधीच येतो.

खरे तर जास्त रक्तस्रावाला आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे गर्भाशयाच्या अस्तराच्या तुकड्याची तपासणी हवी. मग ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन हे पर्याय असतात. शस्त्रक्रिया शेवटी.

वाफांवर हार्मोन उपचार सर्वांत परिणामकारक. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतेच, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिनसारख्या बिगर-हार्मोन गोळ्या आहेत. फक्त कोरडेपणा असेल तर योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम पुरते. हाडांसाठी तिळाची चटणी चांगली, पण तिने वाफा थांबत नाहीत.

वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा डाग दिसला तर लगेच तपासून घ्यावे. पिशवी काढलेल्या बाईला हा महिन्यांचा हिशोबच नसतो. पाळी जायला आली हे तिला रात्री भिजलेल्या पोलक्यावरूनच ओळखावे लागते.