खडकवासल्याचं पाणी, म्हशीचं दूध आणि लंडनचा चहा

परदेशी मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहून आलेले पुणेकर आई-बाबा परतल्यावर एक वाक्य हमखास बोलतात : ‘सगळं मिळतं हो तिकडे, पण चहाला चव नाही.’ ऐकणारा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, घराची आठवण येत असणार, दुसरं काय! चहाची पूड इथूनच नेलेली, गाळणं नेलेलं, काहींनी तर पातेलंसुद्धा बॅगेत कोंबलेलं. मग चव बदलायला उरलं काय?

उरलं पाणी आणि दूध. म्हणजे जवळजवळ अख्खा चहाच.

आधी पाणी. पुण्याच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणसाखळीतलं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस बेसॉल्टच्या कातळावरून धावत धरणात उतरतो. खडकात मुरून त्यातले क्षार ओढून घ्यायला त्याला फारशी सवड मिळत नाही. त्यामुळे हे पाणी बऱ्यापैकी हलकं. लंडनची गोष्ट उलटी. तिथल्या पाण्याचा खडूच्या खडकांशी दीर्घकाळ संबंध येतो आणि खडू म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. त्या हिशेबाने मोजलं तर लंडनच्या बऱ्याच भागांत एका लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या पुढेमागे क्षार भरतात. तिथल्या किटलीत डोकावलं की तळाला पांढरं पुटं धरलेलं दिसतं, ते हेच.

अशा पाण्यातला चहा दोन मिनिटं नुसता ठेवून द्या आणि कप उजेडाकडे तिरका करा. वर एक तपकिरी, तेलकट चमकीचा पापुद्रा आलेला असतो. चमचा लावला की तो सुकलेल्या तळ्यातल्या मातीसारखा तडकतो आणि कपाच्या कडेला चिकटतो. अनेकांना ही दुधाची साय वाटते, पण दूध न घालताही हा पापुद्रा येतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले रसायनशास्त्रज्ञ मायकेल स्पायरो यांनी १९९० च्या दशकात याचा रीतसर अभ्यास केला. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, चहातली पॉलिफेनॉल्स नावाची तुरट संयुगं आणि हवेतला ऑक्सिजन असे सगळे एकत्र आले की हा थर धरतो. दुधाने तो वाढतो, लिंबू पिळलं की जातो, कारण लिंबातलं आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि बायकार्बोनेट मोडून काढतं. नजरेला खुपतो तो पापुद्रा. चव मात्र बायकार्बोनेटमुळे जाते. चहाचा मूळचा किंचित आंबूस तजेला ते मारून टाकतं, रंग काळपट होतो आणि घोट बोथट लागतो. इंग्लंडमधल्या चहा कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक आहे. जड पाण्याच्या भागांसाठी खास मिश्रण केलेला चहा तिथे दुकानात मिळतो.

हे पडताळून पाहायला लंडनला जायची गरज नाही. उन्हाळ्यात बोअर आणि टँकरच्या जड पाण्यावर दिवस काढणाऱ्या एखाद्या सोसायटीतला चहा आणि पेठेत नळाच्या पाण्यावर केलेला चहा शेजारी शेजारी ठेवा. शहर एकच, पूड एकच, तरी फरक कळतो.

आता दूध. चहाचा तुरटपणा पॉलिफेनॉल्समुळे येतो; दुधातलं केसिन हे प्रथिन त्यांना धरून ठेवतं आणि घोट गुळगुळीत होतो. म्हशीच्या दुधात केसिनही जास्त आणि स्निग्धांशही. आपल्या फुल क्रीम पिशवीत निदान ६ टक्के स्निग्धांश असतो. ब्रिटनमध्ये निळ्या झाकणाच्या ‘पूर्ण’ दुधात तो साधारण साडेतीन टक्के आणि हिरव्या झाकणाच्या दुधात त्याच्या निम्मा. लेकीच्या फ्रिजमध्ये बहुधा हिरवं झाकणच असतं. त्यात मग आलं-वेलची कितीही कुटून घाला, अमृततुल्यचा चहा काही होत नाही.

फ्रान्स, स्पेन किंवा बेल्जियममध्ये आणखी एक भानगड. तिथे घरोघरी फ्रिजबाहेर महिनोन् महिने टिकणारं खोक्यातलं दूध वापरतात. नेहमीचं पाश्चरीकरण ७२ अंशांवर १५ सेकंद. हे दूध मात्र काही सेकंद १३५ अंशांच्याही वर तापवलेलं असतं. त्या उष्णतेने प्रथिनांतून गंधकयुक्त संयुगं सुटतात आणि दुधाला एक शिजका वास येतो. आपणही दूध तापवतोच की, असं कुणी म्हणेल. पण आपलं तापमान शंभरीच्या आत आणि पातेलं उघडं. वास उडून जायला वाट असते.

लोण्याकडे आलो की प्रकरण जरा गमतीचं होतं. बन-मस्क्याचा मस्का पिवळा आणि खारट असतो, अशी आपली पक्की समजूत. प्रत्यक्षात म्हशीच्या दुधाचं लोणी पांढरंच असतं, कारण गवतातलं कॅरोटिन म्हैस जवळपास सगळं अ जीवनसत्त्वात बदलून टाकते. गाईच्या दुधात ते थोडं उतरतं. पाकिटातल्या लोण्याला पिवळा रंग येतो तो शेंद्रीच्या बियांचा. व्हर्गीस कुरियन यांनी सांगितलेला किस्सा इथे फार बोलका आहे. अमूलचं लोणी बाजारात आलं तेव्हा लोकांच्या जिभेवर पोल्सन या जुन्या कंपनीच्या लोण्याची चव बसलेली होती. पोल्सनवाले मलई काही दिवस ठेवून आंबवायचे, त्यात डायअसिटाइल नावाचं संयुग तयार व्हायचं आणि लोण्याला खमंग वास यायचा. अमूलचं लोणी ताज्या मलईचं, म्हणून ते गिऱ्हाइकांना मिळमिळीत लागलं! शेवटी अमूलला मीठ वाढवावं लागलं आणि डायअसिटाइल वरून घालावं लागलं.

याच डायअसिटाइलमुळे फ्रान्समधलं विरजलेल्या मलईचं बिनमिठाचं लोणी पाकिटातल्या लोण्यापेक्षा आपल्या आजीच्या रवीखालच्या लोण्याला जवळचं असतं. तरी ते पावाला लावलं की पुणेकर म्हणतो, ‘मीठच नाही.’ मिठाची ही सवय कायमची नसते. मीठ कमी केलेल्या आहारावर काही महिने काढले की माणसाला कमी खारटच आवडू लागतं, हे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं आहे. दोन महिन्यांच्या मुक्कामात जीभ जेमतेम वळायला लागते, तोवर परतीचं तिकीट येतं.

‘तिकडे पोळी आपल्यासारखी होत नाही’ ही तक्रार मला सगळ्यांत रास्त वाटते. कोपऱ्यावरच्या गिरणीत गहू दोन दगडांमध्ये रगडला जातो. त्या रगड्यात पिठातल्या स्टार्चचे कण फुटतात, फुटलेले कण जास्त पाणी पितात आणि कणीक मऊ मळली जाते. शिवाय फुटलेल्या स्टार्चवर पिठातली विकरं (एन्झाइम्स) लगेच काम सुरू करतात, थोडी साखर सुटते आणि तव्यावर खमंग डाग पडतात. परदेशातलं पीठ बहुतेक रोलर मिलमधलं, त्यात कण कमी फुटतात. अमेरिकेत कोंड्यासकटचं पीठ पुष्कळदा लाल गव्हाचं असतं आणि त्या कोंड्यातल्या फिनॉलिक संयुगांमुळे ते किंचित कडू लागतं. आपला गहू सोनेरी सालीचा, सौम्य. त्यात आपण दळण आणतो पंधरा दिवसांचं. तिकडच्या पाकिटात अंकुरातलं तेल खवट व्हायला भरपूर वेळ मिळालेला असतो.

चव जायला सुरुवात खरं तर विमानातच होते. केबिनमधला हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तितका ठेवतात, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईच्याही वरचा. आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. नाक कोरडं पडलं की अन्नाचा वास घशामागून नाकात नीट पोचत नाही आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचाच. त्यात इंजिनची घरघर. कॉर्नेल विद्यापीठात २०१५ मध्ये केलेल्या प्रयोगात विमानातल्यासारख्या गोंगाटात लोकांना गोड कमी लागलं, टोमॅटोत असते तशी उमामी चव मात्र जास्त जाणवली. विमानातल्या उपम्याला नावं ठेवताना स्वयंपाक्याला थोडी सूट द्यायला हरकत नाही.

राहता राहिले पोहे. पोहे नेता येतात, शेंगदाणे मिळतात, अडतं कांद्यावर. कांद्याचा झणका गंधकाच्या संयुगांतून येतो आणि जमिनीत गंधक कमी असेल तर कांदा गोडसर निपजतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला व्हिडेलिया कांदा याच गुणासाठी नावाजलेला आहे. सॅलडला उत्तम, कांदेपोह्यांत मात्र तो असून नसल्यासारखा. कढीपत्त्याचं तर विचारूच नका. लिंबू-संत्र्याच्या बागांना उद्ध्वस्त करणारा ‘सिट्रस ग्रीनिंग’ रोग ज्या बारीक किड्यामार्फत पसरतो, तो किडा कढीपत्त्यावरही राहतो. फ्लोरिडात २००५ मध्ये हा रोग सापडला आणि तिथल्या बागांचं अतोनात नुकसान झालं. त्यामुळे बॅगेतून ताजा कढीपत्ता अमेरिकेत नेऊ देत नाहीत. वाळवलेला नेण्यात फारसा अर्थ नाही, कारण वास देणारी तेलं वाळतानाच बरीचशी उडालेली असतात. तिकडे कुणा मराठी कुटुंबाच्या कुंडीत झाड असेल तर त्यांच्याशी ओळख वाढवावी, आणि जाताना चार डहाळ्यांच्या बदल्यात घरचं मेतकूट घेऊन जावं.