पिंग लागतंय, पण दिसंना: जुन्या मशीनवरच्या फाइल शेअरिंगची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं अजून आहेत. माझ्या ओळखीच्या अशाच एका घरात टॉवेलच्या जेकार्डची नक्षी काढायचं मशीन विंडोज ९८ वर चालतं. हौस म्हणून नव्हे. नक्षीचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं आणि त्याचं डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, प्रिंटरच्या पोर्टला लावावं लागतं. तसं पोर्ट आता कुठल्या लॅपटॉपला येतं? गरज एवढीच, की वरच्या लॅपटॉपवरची फाइल खाली जावी. अंतर एका जिन्याचं. तक्रार मात्र कित्येक वर्षं एकच: "पिंग लागतंय, पण दिसंना झालंय."

म्हणजे हाक मारली की खालचं मशीन उत्तर देतं, पण नेटवर्कच्या यादीत त्याचं नाव नाही. या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत. मशीन यादीत दिसणं वेगळं आणि त्या मशीनवरची फाइल उघडणं वेगळं. पहिलं बंद पडलं की दुसरंही बंद पडलं असं आपण धरून चालतो. या गैरसमजाला जुनं मशीन फारसं जबाबदार नाही.

एसएमबी ही फाइल वाटून घेण्याची भाषा १९८० च्या दशकात पीसीसाठी तयार झाली. एक ऑफिस, मोजकी मशीन आणि सगळी माणसं ओळखीची, हे तिचं गृहीत. १९९२ मध्ये विंडोजची 'वर्कग्रुप' आवृत्ती आली आणि वेगळा सर्व्हर न घेता दोन मशीन एकमेकांची फोल्डर वापरू लागली. वायर तेव्हा केबल टीव्हीच्या वायरीसारखी, कोअॅक्सची असे, दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोप्या. एक टोपी निघाली की सगळी ओळ ठप्प. मी एकदा पैसे वाचवायला केबल टीव्हीची उरलेली वायर लावली होती. ती ७५ ओहमची. लहान फाइल जाई, मोठी मध्येच अडके, आणि दोष मी आठवडाभर नेटवर्क कार्डाला देत होतो.

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात हे घरात आलं. 'नेटवर्क नेबरहूड' उघडायचं, मशीनचं नाव शोधायचं, दोनदा क्लिक करायचं. पण ती यादी तेव्हाही भरवशाची नव्हती. मशीनं आपसात निवडणूक घेत आणि निवडून आलेलं मशीन यादी सांभाळे. बाकीच्यांनी साधारण दर १२ मिनिटांनी 'मी आहे' असं कळवायचं. तीनदा हाक आली नाही की नाव कटायचं. म्हणजे बंद केलेलं मशीन अर्धा तास यादीत मिरवायचं, आणि नुकतं चालू केलेलं कधी कधी गायब. त्यात सोलापूरचं भारनियमन! यादीवालं मशीनच लाइट जाऊन बंद पडलं की पुन्हा निवडणूक. तेव्हाचे जाणकार म्हणूनच नेबरहूड उघडत बसत नसत. रनमध्ये जाऊन दोन उलट्या तिरक्या रेघा, पुढे मशीनचं नाव, की फोल्डर समोर. ही सवय टिकली असती तर पुढचा बराच गोंधळ टळला असता.

मधल्या काळातला नावांचा गुंता थोडक्यात. १९९६ मध्ये एसएमबीला सीआयएफएस हे भारदस्त नाव देण्यात आलं, ते पूर्णपणे कधी रुजलं नाही. सांबा हे त्याच भाषेत बोलणारं मोफत सॉफ्टवेअर, ऑस्ट्रेलियात १९९१-९२ च्या सुमारास सुरू झालेलं. त्याचं नाव शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द शोधून ठेवलं गेलं. आता राउटरवर 'सांबा' लिहिलेलं असतं, म्हणून दुकानदार विंडोजवाल्यालाही "सांबा चालू करून देतो" म्हणतो. विंडोजमध्ये सांबा नसतोच.

खरा वाद २०१७ चा. मार्चमध्ये एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकावर दुरुस्ती निघाली, एप्रिलमध्ये ते भोक वापरायचं हत्यार उघड झालं आणि १२ मे रोजी वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ही पहिली आवृत्ती मुळात बंद करण्यात आली. ती बंद करावी हे बरोबरच होतं. तीस वर्षांपूर्वीची, सगळ्यांवर विश्वास टाकणारी भाषा इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर कशाला ठेवायची? विंडोज ९८सुद्धा काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. शेअरच्या, म्हणजे वाटून दिलेल्या फोल्डरच्या, पासवर्डचं पहिलं अक्षर जुळलं तरी दार उघडावं असा दोष त्यात होता आणि तो २००० मध्ये दुरुस्त करावा लागला. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. वॉनाक्रायने गाठलेली बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. बदनाम मात्र कोपऱ्यातली पिवळी पडलेली ९८ झाली.

माझा आक्षेप बंद करण्याच्या पद्धतीवर आहे. यादी सांभाळणारी जुनी व्यवस्था एसएमबीच्या याच पहिल्या आवृत्तीवर उभी होती, त्यामुळे तीही सोबत गेली. यादीसाठी आलेली नवी पद्धत ९८ ला कळत नाही. शिवाय विंडोजच्या होम आणि प्रो प्रकारांत जुन्या शेअरपर्यंत जाणारा भाग ठेवला होता, पण लॅपटॉप चालू असलेले १५ दिवस तो वापरला नाही तर आपोआप निघून जाई. आमच्याकडे याचा अर्थ असा: ऑर्डर संपली, नक्षीचं मशीन महिनाभर झाकून ठेवलं, वरचा लॅपटॉप रोज चालू. नवी ऑर्डर आली आणि काल चालणारं आज चालेना. घरातल्यांनी वायर बदलली, हब बदलला, शेवटी कार्ड बदललं. बिघाड त्यात कशातच नव्हता.

पहिली आवृत्ती हाताने परत चालू केली तरी पासवर्डाशी अडतं. ९८ जुन्या, कच्च्या पद्धतीने पासवर्ड पाठवतं आणि नवी विंडोज तो घेत नाही. विंडोज २००० सर्व्हरच्या सीडीवर यासाठी एक जोडणी होती, पण ती सीडी आता कुणाच्या कपाटात सापडणार? २०१९ मध्ये सांबानेही ४.११ पासून पहिली आवृत्ती मुळात बंद ठेवली. फरक असा, की तिथे एका ओळीत ती परत उघडता येते, आणि जुना पासवर्ड चालवण्याची सोयही हाताने चालू करता येते.

म्हणून आता अडत्या ठेवतात. मार्केट यार्डात कांदेवाला शेतकरी आणि परगावचा व्यापारी थेट बोलत नाहीत, तसंच. एक छोटी लिनक्सची डबी मध्ये बसते, ९८ शी जुन्या भाषेत आणि लॅपटॉपशी नव्या भाषेत बोलते. ९८ ला इंटरनेटचा रस्ता दिलेला नसतो. ज्यांना हेही नको ते एफटीपी ही फाइल पाठवायची साधी पद्धत वापरतात. ती १९७१ पासूनची, एसएमबीपेक्षाही जुनी, आणि ९८ मध्ये आयतीच असते. पासवर्ड उघडा जातो, पण एका जिन्यापुरती ती पुरते.

त्या घरात आता डबी स्टॅबिलायझरवर बसवली आहे. शेअरचं नाव आधी कारखान्याच्या पूर्ण नावाने दिलं होतं, ते ९८ ला दिसेना, कारण रोमनमध्ये बारा अक्षरांपलीकडचं नाव ते दाखवत नाही. आता नुसतं 'नक्षी' आहे. गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला, दिसंना म्हणून. सुरुवातीच्या पासवर्डच्या चौकटीत कामगाराने एस्केप दाबलं होतं. तसं केलं की मशीन चालू होतं, नेटवर्क मिळत नाही.