सहा हजार गाणी आणि एक हलगी

डीजे व्हायचं असं भाच्यानं ठरवलं आणि पहिलं काम काय केलं, तर चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह कुणाकडून तरी गाण्यांनी गच्च भरून आणला. माझ्या टेबलावर तो आपटत म्हणाला, “मामा, सहा हजार गाणी हायत. आता कोण काय बी मागू दे.”

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. आकडा ऐकला की हिशेब मांडायची खोड लागलीय. एक गाणं चार मिनिटांचं धरलं तर सहा हजार गाणी म्हणजे ४०० तास. जेवणखाण, झोप सोडून ऐकत बसलं तरी जवळजवळ सतरा दिवस. हळदीला डीजेला मिळतात तीन तास, त्यात फार तर साठ गाणी वाजतात. “यातली ऐकलीस किती?” म्हटल्यावर गडी डोकं खाजवायला लागला.

उत्तर पुढच्याच आठवड्यात मिळालं. पेठेतल्या एका हळदीत त्यानं हलगीचं रिमिक्स लावलं. हेडफोनवर ठणठणीत वाटणारी हलगी मोठ्या स्पीकरवर ओल्या पोत्यावर काठी मारावी तशी वाजली, आणि झांजा तर पत्र्यावर वाळू ओतावी तशा. अर्थातच दोष माझ्या ॲम्पवर आला. ॲम्प खोलून बघितला, चांगला होता. बिघाड फाइलमध्ये होता.

सीडीवर आवाज साठवायचा तर आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात, प्रत्येक मोजणी १६ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या १६ खुणांत लिहितात, आणि हे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळं करतात. एवढ्या वेळा का? कारण जी लाट टिपायची तिच्या दुपटीहून जास्त वेगानं मोजावं लागतं, आणि माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांपर्यंत ऐकतो. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. चार मिनिटांचं गाणं ४२ एमबीचं झालं. एकेकाळी एवढी जागा कुणालाच परवडत नव्हती. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली ती कानाच्या कमजोरीवर बेतलेली. तिच्या फाइलींना ‘एमपी३’ हे शेपूट जुलै १९९५ मध्ये लागलं.

ही कमजोरी बघायची तर दिवाळीच्या आधीच्या रविवारी महाद्वार रोडला उभं राहावं. कानाशी फेरीवाला ओरडत असतो तेव्हा शेजारच्या दुकानात बांगड्या किणकिणत असतातच, पण आपल्याला त्या ऐकू येत नाहीत. मोठा आवाज आपल्या आसपासचे बारीक आवाज झाकून टाकतो. एमपी३ तयार करणारा प्रोग्रॅम नेमकं हेच ओळखतो. जे झाकलं जाणार, ते ढोबळपणे लिहितो किंवा सरळ सोडून देतो. सेकंदाला ३२० किलोबिट दिले तर तेच गाणं ९.६ एमबीत बसतं, १२८ दिले तर चार एमबीच्याही आत.

इथं हलगी आडवी येते. प्रोग्रॅम गाण्याचे बारीक तुकडे पाडतो, सुमारे २६ मिलिसेकंदांचा एक, आणि ढोबळपणे लिहिताना होणारी चूक तुकडाभर पसरते. संथ सुरात ती दडून जाते. पण हलगी शेकून ताणली असेल तर तिचा ठोका कसा येतो? आधी शांतता, आणि एकदम कडाड. ठोका तुकड्याच्या शेवटी पडला तर चूक मागे, म्हणजे ठोक्याच्या आधीच्या शांततेतही सांडते. ठोका पडायच्या आत त्याची भुरकट सावली वाजते. युरोपातले लोक हे तपासायला कॅस्टनेट नावाच्या लाकडी टाळ्या वापरायचे. आपल्याकडे कुणी ही चाचणी घेतली असती तर हलगीच उचलली असती असं मला वाटतं. प्रोग्रॅम अशा वेळी तुकडे आणखी लहान करून सावरायला बघतो, पण १२८ किलोबिटांत त्याचा हात आखडतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, रस्त्याच्या गोंगाटात ही सावली पुन्हा झाकली जाते. मंडपातल्या मोठ्या स्पीकरांपुढं मात्र सगळं उघडं पडतं.

भाच्याचं म्हणणं वेगळंच होतं. “मामा, फाइलवर ३२० लिवलंय की!” लिहिलेलं होतं खरं. मग ती फाइल ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली आणि स्पेक्ट्रोग्राम काढला. आडव्या अंगाला वेळ, उभ्या अंगाला कंपनसंख्या, आणि जिथं आवाज तिथं उजेड. चित्रात उजेड १६,००० हर्ट्झला कात्रीनं कापल्यासारखा थांबला होता. १२८ किलोबिटांच्या फाइलींत बहुतेक वेळा असंच दिसतं, खऱ्या ३२० मध्ये तो २०,००० च्या आसपास पोचतो. कुणीतरी १२८ ची फाइल उघडून परत ३२० म्हणून साठवली होती. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाणी घातलेलं दूध मोठ्या चरवीत ओतलं म्हणून दाट होत नाही. उलट दुसऱ्यांदा आवळताना आणखी थोडं गळतं.

एक सावधगिरी मात्र ठेवावी लागते. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांत वरच्या पट्टीचं मुळात फारसं काही नसतंच, त्यामुळं तिथं उजेड कापलेला दिसला म्हणून फाइल खोटी ठरत नाही.

मग सगळं फ्लॅकमध्येच घ्यावं का? २००१ मध्ये आलेला हा फाइलचा प्रकार सीडीच्या आवाजातलं काहीही न फेकता आकार साधारण निम्म्यावर आणतो. माझं मत विचाराल तर खरी ३२० ची फाइल विकत घेऊन ठेवली तर मंडपात काही अडत नाही. ज्या गाण्याचा वेग खूप बदलायचा, तुकडे पाडून रिमिक्स करायचं, ते तेवढं फ्लॅकमध्ये असावं. गाणं हळू केलं की आवळतानाच्या खुणा ताणून मोठ्या होतात.

सहा हजारांतली दीडशे-दोनशे गाणी अशी चाळून निघाली. आता डीजेला लागते लय, म्हणजे मिनिटाला किती ठोके. सॉफ्टवेअर ती आपणहून मोजतं. गाण्यात आवाजाचा जोर कुठं कुठं एकदम उसळतो ते टिपून त्याचा आलेख करतं, आणि तो आलेख त्याच्याच अंगावर थोडा थोडा सरकवत बघतं. उसळ्यांवर उसळ्या जिथं चपखल बसतात, तेवढं अंतर म्हणजे एक ठोका. कंप्युटरवर बनलेल्या हाउस संगीतात, मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांच्या, ही युक्ती अचूक चालते.

लावणी टाका आणि मजा बघा. ढोलकी सहा मात्रांत फिरत असते, नाचणारीचा पाय तीन-तीनच्या गटावर पडतो. सॉफ्टवेअरला सवय चाराची, त्यामुळं ते दोन-दोनचे गट धरून बसतं. मग मिनिटाला १०० ठोक्यांची लावणी पडद्यावर १५० ची म्हणून येते. तिच्यावर १५० चं दुसरं गाणं चढवलं की दोन्हींचा ठोका एकमेकांच्या पायात येतो आणि नाचणारे जागच्या जागी थबकतात. ८५ च्या जागी १७० दाखवणं ही चूक त्या मानानं निरुपद्रवी, कारण निम्मं केलं की झालं.

दुसरी अडचण माणसांची. जुनी गाणी अख्खा वाद्यवृंद एकत्र बसून, एका दमात ध्वनिमुद्रित व्हायची. कानात लय धरून ठेवणारी टिकटिक नसायची. कडव्याला लय किंचित सैल पडायची, शेवटी ढोलकीवाला रंगात आला की गाणं पळायचं. आपल्याला तेच आवडतं, पण एकसारखे ठोके आखून बसलेल्या सॉफ्टवेअरचं त्यात गणित चुकतं. चूक किती महागात पडते बघा. एक गाणं १२० चं आणि दुसरं १२०.५ चं असेल, तर मिनिटभरात ती अर्ध्या ठोक्यानं सरकतात. अर्धा ठोका म्हणजे एकाची थाप नेमकी दुसऱ्याच्या मधल्या मोकळ्या जागेत. मांडवात घोडा ठेचकाळल्यासारखं ऐकू येतं.

म्हणून मी त्याला घड्याळ लावून हातानं मोजायला बसवलं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तर एका ठोक्याची चूक चारची होते, पूर्ण मिनिट मोजलं तर एकाचीच राहते. चार दिवस कुरकुरला. पाचव्या दिवशी बोटं टेबलावर आपोआप पडायला लागली.

लयीनंतर पट्टी. आपले पेटीवाले ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ म्हणतात, डीजेच्या पडद्यावर तीच गोष्ट आकड्यात दिसते. वेग आणि पट्टी मुळात एकमेकांना बांधलेली असतात. तबकडी जोरात फिरवली की आवाज चढतो, आणि सुमारे सहा टक्क्यांनी चढवलं की अर्धा स्वर वर, म्हणजे पेटीची लगतची पट्टी. पांढरी चारचं गाणं १०० वरून १०६ ठोक्यांवर नेलं की ते काळी तीनचं झालं. पट्टी तशीच ठेवून वेग बदलायची सोय हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. आवाजाचे तुकडे थोडे एकमेकांवर चढवून किंवा ताणून ते हे साधतं. फार ताणलं तर हलगीचा ठोका पुन्हा फुटतो. कुठलं गाणं कशाला जोडावं यासाठी डीजे बारा पट्ट्यांचं एक चक्र वापरतात. त्यात शेजारी-शेजारी कोण बसतात? षड्ज आणि पंचम. तानपुरा जुळवणाऱ्याला ज्या नात्याची आयुष्यभर ओळख असते, तेच नातं पडद्यावर रंगीत गोल होऊन येतं. मात्र हे सॉफ्टवेअर सगळ्या गाण्यांना पाश्चात्त्य मेजर-मायनरच्या दोन खणांत कोंबतं. मींडेनं सरकणाऱ्या, एकाच षड्जाभोवती घुमणाऱ्या गाण्याला ते काहीतरी शिक्का मारून मोकळं होतं. तिथं पेटी काढून सा शोधलेला बरा.

किती गाणी असावीत यावर आमची बरीच झकाझकी झाली. मी त्याला व्हॉयेजर या अमेरिकी अंतराळयानावरची तबकडी सांगितली. १९७७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीनं अख्ख्या पृथ्वीचं म्हणून संगीत निवडलं, यानात पाठवलं. सगळ्या मिळून २७ रचना, सुमारे दीड तास. त्यात आपल्या देशाचा एकच आवाज आहे, केसरबाई केरकरांची भैरवी. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब इथं कोल्हापुरातच शाहू महाराजांच्या पदरी गवई होते. “म्हंजी आपल्या कोल्हापूरची तबकडी वर गेलीया?” तेवढंच त्यानं उचललं.

आवाजाच्या पातळीबद्दल थोडक्यात. जुनं गाणं हळू आणि नवं कानठळ्या बसवणारं असतं, कारण नव्या गाण्यांत बारीक-मोठा सगळा आवाज दाबून एका उंचीला आणलेला असतो. सरासरी आवाज कानाला कसा जाणवतो ते मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत २००६ पासून आहे, आणि सॉफ्टवेअर त्याप्रमाणं गाणी समान करू शकतं. ते चालू ठेवावं. मिक्सरवर लाल दिवा पेटला की लाटेचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो आणि बारीक आवाजाचे स्पीकर जळतात. आठवड्याला असा एक तरी स्पीकर माझ्याकडं येतो. कोल्हापुरात या सगळ्या दणदणाटाला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करायला!

पेनड्राइव्ह दोन असावेत, दोन्हींत तीच गाणी. घरच्या हार्ड डिस्कवर तिसरी प्रत. रोमन लिपीत ‘लावणी’ हा एक शब्द लोक तीन तऱ्हांनी लिहितात, त्यामुळं शोधताना ऐनवेळी गाणं सापडत नाही. एकच तऱ्हा ठरवून सगळी नावं बदलावीत, कंटाळवाणं असलं तरी.

परवा संध्याकाळी रंकाळ्यावर भेटला. कट्ट्यावर बसून कानात हेडफोन, मांडीवर वही, बोटं दगडावर. वहीत गाण्यांची नावं, पुढं त्यानं स्वतः मोजलेले ठोके आणि पट्टी. सॉफ्टवेअरचे आकडे शेजारी कंसात, बरेचसे खोडलेले. एका जुन्या लावणीपुढं मात्र नुसता आकडा नव्हता. पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘१०२ नं चालू. दुसऱ्या कडव्यापासनं ढोलकी पळती. हिच्यावर कायबी चढवू नको, एकटीच वाजव.’