छात्राध्यापकांचं परदेशातलं सत्र: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

अध्यापक शिक्षणाचा विद्यार्थी एखाद्या सत्रासाठी परदेशी जातो तेव्हा त्याची फाईल इतर विद्यार्थ्यांपेक्षा जाड होते. इतरांना व्याख्यानांना बसायचं असतं, याला शाळेत मुलांसमोर उभं राहायचं असतं. त्यामुळे परवानग्या तीन लागतात: विद्यापीठाचा प्रवेश, त्या देशाचा व्हिसा आणि शाळेच्या वर्गात जाण्याची मुभा. एक हातात पडली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप मिळतात, असं नाही. धावपळ होते ती तिसरीपाशी, कारण तिची चौकशी सगळ्यात शेवटी केली जाते.

कोण जाऊ शकतं?

सुरुवात आपल्याच महाविद्यालयापासून होते. विद्यार्थी देवाणघेवाणीचा करार असेल तर अर्ज थेट बाहेर जात नाही. आधी आपल्या संस्थेकडून नामांकन जातं, मग तिकडचं विद्यापीठ अर्ज मागवतं. नामांकनासाठी साधारणपणे गुण, राहिलेले विषय, भाषेची पातळी आणि हेतुपत्र पाहतात. युरोपातल्या इरॅस्मस प्लस योजनेत अभ्यासासाठी किंवा प्रशिक्षणासाठी किमान २ महिने जावं लागतं आणि शिक्षणाच्या एका टप्प्यात एकूण १२ महिन्यांपर्यंत जाता येतं. इतका वेळ काढणं जमत नसेल तर ५ ते ३० दिवसांचा छोटा दौरा आणि सोबत ऑनलाइन काम, असाही मार्ग त्याच योजनेत आहे. आयईएलटीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल २ वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

क्रेडिटचं आधी लिहून घ्या

माझ्या मते सगळ्या फाईलमधला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे अभ्यास करार: तिकडे केलेला कोणता अभ्यास इकडे क्रेडिट म्हणून, म्हणजे पदवीच्या हिशेबात, धरणार हे त्यात आधीच लिहिलेलं असतं. इरॅस्मसमध्ये त्यावर विद्यार्थी, पाठवणारी संस्था आणि स्वीकारणारी संस्था अशा तिघांच्या सह्या असतात. योजना दुसरी असली तरी असा कागद मागून घ्यावा. त्यात नुसती विषयांची नावं पुरत नाहीत. परदेशातल्या शाळेत घेतलेले सराव पाठ आपल्याकडच्या आंतरवासितेत (शाळेत राहून करायच्या सरावात) धरणार का, किती धरणार, निरीक्षण कोण करणार, पाठ टाचण कोणत्या भाषेत लागेल, हे सगळं स्पष्ट यायला हवं. तोंडी ‘बघू नंतर’ असं उत्तर मिळालं तर ते नाही असंच समजावं. शिक्षकाचा परवाना देणाऱ्या यंत्रणेची तासांची अट महाविद्यालयाच्या अटीपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून तीही तपासा.

वर्गात जाण्याची मुभा

इथे देशागणिक नियम बदलतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलांसोबत काम करणाऱ्यांची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी होते, स्कॉटलंडमध्ये त्यासाठी पीव्हीजी नावाची वेगळी योजना आहे. डीबीएसला परदेशातल्या पोलीस नोंदी दिसत नाहीत, म्हणून बाहेरून येणाऱ्याकडे त्याच्या देशाचं पोलीस चारित्र्य प्रमाणपत्रही मागतात. ऑस्ट्रेलियात ही तपासणी राज्यागणिक वेगळी आहे. क्वीन्सलँडमध्ये तिला ब्लू कार्ड म्हणतात. जर्मनीत पोलीस नोंदींचा विस्तारित दाखला लागतोच, शिवाय १ मार्च २०२० पासून गोवराचा कायदा लागू आहे: १९७० नंतर जन्मलेल्या आणि शाळेत काम करणाऱ्या माणसाला गोवराची लस घेतल्याचा किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. प्रशिक्षणार्थीही त्यातून सुटत नाहीत. लहानपणीचं लसीकरण कार्ड कुठल्या कपाटात आहे ते आजच शोधा.

पोलीस प्रमाणपत्र मात्र फार लवकर काढू नका. बऱ्याच ठिकाणी ते ठरावीक महिन्यांच्या आतलंच चालतं. मधल्या काळात तुम्ही आणखी एखाद्या देशात राहिला असाल तर तिथलंही मागू शकतात, आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं.

व्हिसा आणि शाळेचं पत्र

कोणता व्हिसा घ्यायचा हे मुक्कामाच्या दिवसांवर आणि तिथे काय करणार यावर ठरतं. शेंगेन देशांमध्ये (एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर त्या-त्या देशाचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा लागतो. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर ६ महिन्यांपर्यंत शिकता येतं, पण शाळेतला प्रत्यक्ष सराव त्यात बसत नाही, पगार नसला तरीही. अमेरिकेत जे-१ या देवाणघेवाणीच्या व्हिसासाठी डीएस-२०१९ आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठी आय-२० हा कागद तिकडची संस्था पाठवते. त्यानंतरच मुलाखतीची तयारी.

म्हणूनच शाळेचं पत्र शब्द तोलून लिहून घ्यावं. ‘आमच्याकडे शिकवायला येत आहेत’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला ती नोकरी वाटते. पत्रात तारखा, आठवड्याचे तास, मुलांचा वयोगट, मार्गदर्शक शिक्षक वर्गात हजर राहणार हा उल्लेख, हे काम अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि मानधन नाही, असं सगळं असावं. मानधन असेल तर ते लपवू नका, त्यानुसार व्हिसाचा प्रकार बदला.

विम्याच्या रकमाही ठरलेल्या असतात. शेंगेनच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरो, अमेरिकेच्या जे-१ साठी प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १ लाख डॉलर. स्वस्त पॉलिसी घेण्याआधी हा आकडा पाहा. आणि वर्गात तुमच्या हातून काही नुकसान झालं तर त्याची भरपाई कोण करणार, हे शाळेला विचारून ठेवा.

कागदांचा क्रम

पासपोर्ट आधी. शेंगेनच्या अल्पकालीन व्हिसासाठी तो परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध, गेल्या १० वर्षांत काढलेला आणि २ कोरी पानं असलेला लागतो. मग गुणपत्रकं, बोनाफाईड, शिफारसपत्रं, पैशाचा पुरावा. गुणपत्रकावर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, एकीकडे मधलं नाव पूर्ण तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असले फरक क्षुल्लक वाटतात. पण अर्ज त्यावरच अडकतो. प्रत्येक फॉर्ममध्ये नाव पासपोर्टप्रमाणेच भरा आणि फरक असेल तर शपथपत्र जोडा.

अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून त्यावर मिळणारा सरकारी शिक्का, तोही वेळखाऊ. १९६१ च्या हेग कराराप्रमाणे बहुतेक सदस्य देशांमध्ये हा एक शिक्का पुरतो, दूतावासात वेगळं प्रमाणीकरण लागत नाही. चीनसाठी हा करार नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडासाठी जानेवारी २०२४ पासून लागू झाला, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली रीत तशीच चालेल असं धरू नका. शिक्का सही-मोहोर खरी असल्याचा असतो, मजकुराचा नव्हे. भाषांतर अपोस्टीलच्या आधी हवं की नंतर, हे स्वीकारणाऱ्या संस्थेला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

निघण्यापूर्वी आपल्या विभागाकडून मूल्यमापनाचा नमुना घेऊन जा. परतण्याआधी मार्गदर्शक शिक्षकाची त्यावर सही, हजेरीचे तास आणि शाळेचा शिक्का घ्या. एकदा तिकडची शाळा सुट्टीवर गेली की त्या सहीसाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं आणि इकडे निकाल राखून ठेवला जातो.