फँटम स्ट्रेंजर म्हणजे वेताळ नव्हे

जुन्या कॉमिक्सचा विषय निघाला आणि मी फँटम स्ट्रेंजरचं, म्हणजे अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सच्या एका गूढ नायकाचं नाव घेतलं, की समोरून हमखास येतं, "हो हो, आपला वेताळ!" इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली, या बाबतीत चांगली जाणकार माणसंही असं म्हणतात. कुणी त्याला वेताळाची नक्कल ठरवतं, कुणी वेताळाचं नंतरचं रूप. दोन्ही साफ चूक. आणि या चुकीपायी एक विलक्षण नायक आपल्याकडे न वाचताच निकालात निघतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेताळ तुम्हाला पाठ आहे. ली फॉकने १९३६ साली निर्माण केलेला, इंग्रजीत 'द फँटम' असलेला, १९६४ पासून इंद्रजालने आपल्याकडे आणलेला. कवटीची गुहा, कवटीची अंगठी, एकविसावा वारस. त्यावर आणखी लिहीत नाही.

वरवरचे फरकही झटकन सांगतो. वेताळाचा घट्ट जांभळा पोशाख आणि मुखवटा. स्ट्रेंजरची निळी केप (खांद्यावरून सोडलेला झगा), गळ्यात पदक, हातात पांढरे हातमोजे आणि डोळ्यांवर हॅटची सावली. वेताळ वर्तमानपत्रातल्या पट्ट्यांमधून आला, स्ट्रेंजर डीसीच्या मासिकांतून. १९८८ ते ९० या काळात डीसीने वेताळाचीही कॉमिक्स काढली, त्यामुळे घोळ आणखी वाढला.

आता खरी गोम. वेताळाचं भूतपण हे पांघरूण आहे. जंगलातल्या लोकांना आणि चाच्यांना तो चारशे वर्षांचा, कधीच न मरणारा वाटतो. आपल्याला मात्र ठाऊक असतं, की बाप गेला आणि मुलाने मुखवटा चढवला. भीती खलनायकाला वाटते, आपण वेताळाच्या बाजूला निवांत बसलेलो असतो. स्ट्रेंजरच्या गोष्टीत वाचकाला ही जागाच मिळत नाही. तो धुक्यातून, रस्त्यावरच्या दिव्याखालून येतो, सावध करतो, निवड समोरच्यावर सोपवतो आणि पाठ वळताच नाहीसा होतो. तो कोण, हे गोष्टीतल्या माणसांना कळत नाही आणि आपल्यालाही नाही. १९६९ ते १९७६ या काळात त्याच्या मालिकेचे ४१ अंक निघाले आणि एकातही त्याचा उगम सांगितला नाही. १९८७ साली डीसीने एकाच अंकात चार लेखकांकडून चार वेगवेगळे उगम लिहून घेतले आणि खरा कोणता ते सांगितलंच नाही! एकात तो येशूच्या काळातला, शापामुळे जगभर भटकणारा माणूस आहे. अ‍ॅलन मूरच्या गोष्टीत तो देवदूत आहे: स्वर्गात बंड झालं तेव्हा कुठलीच बाजू न घेतलेला, म्हणून स्वर्गालाही नको आणि नरकालाही नको झालेला.

हा फरक नीट समजायचा तर डॉक्टर थर्टीनकडे पाहा. हा भुताखेतांच्या भानगडींचं पितळ उघडं पाडणारा माणूस. १९६९ साली डीसीने त्याला स्ट्रेंजरसमोर उभं केलं. हा डॉक्टर कवटीच्या गुहेत गेला असता, तर मुखवटा उचलून तासाभरात प्रकरण मिटवून आला असता, कारण तिथे त्याचंच खरं आहे. स्ट्रेंजरपुढे मात्र तो दर वेळी संतापून 'लबाड' म्हणत राहतो, आणि समोर कुणीच नसतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. १९५२ साली जॉन ब्रूम आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी स्ट्रेंजर पहिल्यांदा आणला, तेव्हा तो स्वतःच भुतांची बतावणी करणाऱ्यांना उघडं पाडायचा. त्या पहिल्या मालिकेचे सहाच अंक निघाले; ते वाचलेल्या माणसाला तो वेताळाच्या जातीचा वाटला, तर मी वाद घालणार नाही. पण तिथेही काम झालं की तो कुठे जायचा, हे कुणाला कळलं नाही.

आपल्याकडे या गोंधळात नावाचाही वाटा आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. हे नाव दिलं गेलं हाडामांसाच्या, लग्न करून संसार थाटणाऱ्या माणसाला. कोकणातल्या आरवलीचा ग्रामदेव वेतोबा, म्हणजे खरा वेताळ, रात्री गावाच्या रखवालीला फिरतो, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्रीचा फिरस्ता डोळ्यांसमोर आणा. स्ट्रेंजर त्याच्या कितीतरी जवळचा आहे.

२०१२ साली डीसीने त्याला थेट ज्यूडास, म्हणजे तीस नाण्यांसाठी येशूचा विश्वासघात करणारा शिष्य, करून टाकलं, गळ्यात ती चांदीची नाणी घालून. मला ते अजिबात पटलेलं नाही. ज्याचं सगळं बळ न सांगण्यात होतं, त्याच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं. तिथून सुरुवात करू नका. १९६९च्या मालिकेतला चौथा अंक घ्या, चित्रकार नील अ‍ॅडम्सने त्याला आजचा पेहराव दिला तो. मग चौदाव्यापासून पुढे लेन वाइनचं लेखन आणि जिम अपारोची चित्रं. वाइननेच १९७२ साली जस्टिस लीगच्या, म्हणजे डीसीच्या महानायकांच्या चमूच्या, १०३व्या अंकात त्याला आणलं. सगळे मिळून त्याला सदस्य करून घ्यायचं ठरवतात, सांगायला वळतात, आणि तो केव्हाच निघून गेलेला असतो.