मुक्कामानंतर गाडी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्याआधी हे वाचा
(कॅरॅव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, नेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

सुट्ट्या संपल्या की आमच्याकडे एकाच तक्रारीच्या गाड्या येतात. थार असो, स्कॉर्पिओ असो की फॉर्च्युनर, वाक्य तेच: "रात्री चांगली लावली होती, सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक." आणि लगेच दुसरा प्रश्न: "मोठी बॅटरी टाकून घेऊ का?"

घाई करू नका. अशा बहुतेक गाड्यांत बॅटरीचा दोष नसतो. रात्रभर ट्रेलरला वीज देणारा प्लग गाडीला लागलेला असतो आणि ट्रेलरमधला फ्रिज गाडीच्या बॅटरीवर चालू असतो.

हे होतं कसं ते बघा. गॅस, घरची वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज प्रवासात १२ व्होल्टवर ठेवावा लागतो, कारण चालत्या गाडीत सिलिंडर बंदच हवा. इंजिन चालू असेपर्यंत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) तो भार उचलतो. मुक्कामी पोचल्यावर इंजिन बंद होतं, ट्रेलर हुकवरून काढायचा कंटाळा येतो, सकाळी निघायचंच असतं, म्हणून प्लगही तसाच राहतो. हा फ्रिज १२ व्होल्टवर साधारण १० ते १२ अँपिअर खातो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये १२ व्होल्टवर थर्मोस्टॅट चालत नाही, म्हणजे तो मध्ये थांबतही नाही. रात्री १० ते पहाटे ५ धरले तर १२ गुणिले ७, म्हणजे ८४ अँपिअर-तास. तुमच्या डिझेल गाडीत बॅटरी असते साधारण ७० अँपिअर-तासांची. तिच्या जागी ९० ची टाकली तरी सकाळी सेल्फ मारायला जेमतेम काही उरेल. मोठ्या बॅटरीचे पैसे तेवढे जातील.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात. क्षणभर जोराचा करंट देऊन इंजिन फिरवायचं, एवढ्यासाठीच ती बनवलेली असते. ती तळापर्यंत दोन-चार वेळा उतरली की तिची ताकद कायमची घटते. मग ग्राहक म्हणतात, "वर्षाच्या आत बॅटरी गेली, कंपनीच खराब."

म्हणून मुक्कामी पोचलात की ट्रेलरचा हँडब्रेक ओढा, फ्रिज गॅसवर किंवा घरच्या विजेवर टाका आणि प्लग काढा. ट्रेलर हुकवर राहिला तरी चालेल, प्लग मात्र निघालाच पाहिजे. ट्रेलरला ब्रेकअवेची तार (ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी) असेल तर ती प्लगसोबत ओढू नका. ती निघाली तर ब्रेक लागतात आणि ट्रेलरची बॅटरी उतरायला लागते. या सगळ्याला एक पैसाही लागत नाही. आमच्याकडे यायच्या आधी पुढच्या मुक्कामात एवढं करून बघा.

"पण प्रवासात ट्रेलरची बॅटरी भरत का नाही?"

हा प्रश्नही रोजचा. ट्रेलरमध्ये वेगळी १०० ची बॅटरी आहे, गाडी पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला चार-पाच तास चालली, तरी रात्री दिवे मंद होतात. याचं कारण वायर. प्लगच्या लाइटच्या वायरिंगमधूनच चार्जिंग घेतलेलं असतं. २.५ चौरस मिलिमीटरची वायर बॉनेटपासून ट्रेलरपर्यंत ७ मीटर गेली आणि ७ मीटर परत आली, तर १० अँपिअरला सुमारे १ व्होल्ट वाटेतच जातो. अल्टरनेटर १४.२ देत असला तरी मागे पोचतात १३.२. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरायला १४.२ ते १४.४ लागतात, त्यामुळे ती अर्धवटच राहते. तेवढ्याच अंतराला १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर घट ०.१६ व्होल्टवर येते.

त्यात बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो. पुढची, म्हणजे गाडीची, बॅटरी भरत आली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज खाली आणतो, आणि मग नुसत्या जाड केबलनेही भागत नाही. व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या जोडणारा साधा रिले (आपोआप चालणारा स्विच) साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला सोडतो. स्मार्ट अल्टरनेटरसोबत तो मध्येच सोडून बसतो. अशा गाडीला आम्ही डीसी-डीसी चार्जर सुचवतो. समोरून कमी व्होल्टेज आलं तरी तो मागे हवं तेवढं वाढवून देतो. इंजिन चालू असेल तेव्हाच चालेल असं त्याचं कनेक्शन आम्ही करतो, त्यामुळे एखाद्या रात्री प्लग राहिला तरी ट्रेलरची बॅटरी पुढच्या बॅटरीतून चार्ज होत बसत नाही. ट्रेलरमध्ये लिथियम बॅटरी असेल तर हा चार्जर हवाच. लिथियम थेट जोडली की ती इतका करंट ओढते की घाटात संथ गतीला अल्टरनेटर तापतो. गाडी जुनी असेल, मागे फक्त एलईडी दिवे आणि मोबाइल चार्जिंग असेल, तर साध्या रिलेत काम होतं. तिथे आम्ही महागडा चार्जर गळ्यात मारत नाही.

काही जण म्हणतात, "बारीक वायर टाका, बिल कमी करा." ते आम्ही करत नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज नसेल तर केबल जोडतही नाही. पत्र्याला घासून सोललेली, फ्यूज नसलेली जाड केबल गाडी पेटवू शकते. ट्रेलरच्या चार्जरची निगेटिव्ह आम्ही बॅटरीच्या टर्मिनलवर न देता चॅसिसवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) देतो, याबद्दलही विचारणा होते. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच करंट मोजणारा सेन्सर असतो. वायर सेन्सरच्या आधी, म्हणजे थेट टर्मिनलवर, जोडली तर मागे जाणारा करंट त्याला दिसतच नाही आणि गाडीचा हिशेब चुकतो.

"गाडी रात्रभर का ठेवून घेता?"

चालवून आणलेली बॅटरी मीटरवर १३ च्या आसपास दाखवते, पण तो वरवरचा चार्ज असतो. काही तास स्वस्थ ठेवल्यावरच खरा आकडा मिळतो: १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. बंद गाडीतली गळतीसुद्धा लगेच मोजता येत नाही. लॉक केल्यावर आतले कंट्रोलर झोपायलाच अर्धा तास घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक; जास्त दिसलं तर डॅशकॅम, ट्रॅकर, नंतर बसवलेला म्युझिक सिस्टीम असं एकेक काढून बघावं लागतं. दहा मिनिटांत बॅटरी बदलून पाठवणं आम्हाला सोपं आहे, पण महिन्याभरात तुम्ही पुन्हा येणार.

वाटेत गाडी अडलीच आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर केबल लावून सुरू करायची असेल तर जंपरची शेवटची काळी क्लिप बॅटरीवर न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावा. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, आणि ट्रेलर लागलेली कुठलीही गाडी ढकलू नका. सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत बॅटरी भरते हा गैरसमज आहे, त्याला काही तास लागतात.

दिवाळी आणि मे महिन्याच्या आधी आमच्याकडे गर्दी असते, म्हणून निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी या. बॅटरी आणि प्लगची तपासणी आम्ही फुकट करतो. येताना एकटी गाडी आणू नका, ट्रेलर जोडून आणा, कारण निम्मे दोष मागच्या सॉकेटमध्ये सापडतात. फ्रिजच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात, त्याचा फोटो आदल्या दिवशी पाठवलात तर केबल आणि चार्जरचा अंदाज आम्ही आधीच काढून ठेवू.