नळी काढल्यावर मटणाचं काय होतं?

"नळी काढून टाकली तर खायचं काय, सर?" चाचांची सुरी हवेतच थांबली. रविवारची सकाळ, मागे रांग. सोलापुरात मटण म्हणजे तुकडे, आणि ज्याच्या ताटात नळी पडली तो नशीबवान. अशा दुकानात मी मागची अख्खी मांडी मागत होतो, तीही हाड काढून आणि एकही तुकडा न करता.

चाचांनी कुरकुरत का होईना, काढून दिली. सकाळीच कापलेलं ते कोमट मटण मी घरी आणून तडक फ्रीझरमध्ये टाकलं, कारण पाहुणे बुधवारी यायचे होते. बुधवारी बर्फ सुटला तेव्हा परातीत लाल पाण्याचं तळं साचलेलं आणि मांडी आखडून आखूड, जाड झालेली. शिजवल्यावर तर चपलेचा तळ बरा म्हणायची पाळी आली. पाहुण्यांनी शेंगाच्या चटणीची फार तारीफ केली, यातच काय ते समजा.

चूक चाचांची नव्हती, बकऱ्याचीही नव्हती. जनावर कापल्यावर त्याचे स्नायू लगेच मरत नाहीत. त्यांच्यात एटीपी हे इंधन काही तास शिल्लक असतं. ते संपलं की स्नायूतले दोन प्रकारचे धागे, अ‍ॅक्टिन आणि मायोसिन, एकमेकांत अडकून बसतात आणि मांस ताठरतं. हे ताठरणं व्हायच्या आधीच मांस गार केलं, तर पेशीतलं कॅल्शियम सुटतं आणि स्नायू जोरात आखडतो. लॉकर आणि हॅगयार्ड या दोन संशोधकांनी 1963 मध्ये न्यूझीलंडमध्ये हा प्रकार दाखवून दिला. मेंढीचं गोठवलेलं मांस जगभर विकणाऱ्या देशाला त्याची काळजी असणारच. थेट गोठवून मग बर्फ सोडला तर आणखी वाईट, कारण उरलेलं एटीपी एकदम खर्ची पडतं, मांस आक्रसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर येतं. ते लाल पाणी रक्त नव्हे, त्याचा रंग मायोग्लोबिन या प्रथिनाचा.

इथे हाडाचं महत्त्व कळतं. स्नायू हाडाला बांधलेला असला की त्याला फारसं आखडता येत नाही, दोरीवर ताणून वाळत घातलेल्या चादरीसारखा तो राहतो. मी तर दोरीच कापून टाकली होती. म्हणून आता मांडी हाडासकट आणायची, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चोवीस तास झाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी घरी हाड काढायचं. सुरीचं टोक हाडाला घासत नेलं की मांस आपसूक सुटत जातं, पहिल्यांदा अर्धा तास लागतो. त्या चोवीस तासांत मांसातलीच विकरं, म्हणजे एन्झाइम्स, धागे थोडे सैल करतात. बाहेर ओट्यावर मात्र ठेवायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि त्या उकाड्यात जंतूंची चंगळ होते.

जंतूंवरून आणखी एक गोष्ट. अखंड मांसात जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर, आतला भाग स्वच्छ असतो. हाड काढून मांडी गुंडाळली की तो पृष्ठभाग घडीत आत जातो. त्यामुळे परदेशी पाककृती आतून गुलाबी ठेवायला सांगत असल्या, तरी गुंडाळलेल्या मांडीचा गाभा मी 70 अंश सेल्सिअसच्या वर नेतोच. टोचून बघायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्यावा.

तसंही गुलाबी ठेवण्यात आपला फायदा नाही. त्या पाककृती वर्षाच्या आतल्या कोकरासाठी असतात. आपल्याकडे बहुतेक बोकडाचं मटण मिळतं, या भागात उस्मानाबादी जातीचं. बोल्हाई देवीवर ज्यांची श्रद्धा आहे ती घरं शेळीचं मांस वर्ज्य मानून मेंढीचंच खातात, म्हणून मेंढीच्या मटणाला 'बोल्हाईचं मटण' हे नाव. माळरानावर हिंडून चरलेल्या जनावराच्या मांडीत कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं आणि वयाबरोबर त्याचे धागे एकमेकांशी पक्के जोडले जातात. साठ-पासष्ट अंशांना हे कोलॅजन आकसतं आणि मांसातला रस पिळून काढतं. या टप्प्यावर मटण शिजलेलं असतं, पण चाववत नाही. सत्तरच्या पुढे, सावकाश, त्याचं जिलेटिन होतं आणि मग मटण बोटानं तुटतं. शिजणं आणि मऊ होणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला तापमान पुरतं, दुसऱ्याला वेळही द्यावा लागतो.

आईचं मत सोपं होतं. "कुकर हाय की घरात." सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचावर, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी शंभराच्या थोडं अलीकडेच, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये ते 120 अंशांपर्यंत जातं आणि कोलॅजन झपाट्यानं विरघळतं. गंमत म्हणजे डेनी पापँ या फ्रेंच माणसानं 1679 मध्ये असं पहिलं भांडं दाखवलं, तेच मुळी हाडं मऊ करण्यासाठी.

सव्वा किलोची बिनहाडाची मांडी आधी पुस्तकासारखी उघडायची. किलोला दहा-बारा ग्रॅम मीठ चोळून रात्रभर ठेवायची. मीठ हळूहळू खोल मुरतं आणि प्रथिनांना पाणी धरून ठेवायला लावतं. आलं-लसूण, हळद मात्र काही मिलिमीटरच आत जातात, कितीही तास ठेवा. उघडलेल्या मांडीचा फायदा हाच, की वाटण आतल्या बाजूला लावूनच गुंडाळता येतं. कच्च्या पपईचा मोह आवरावा. तिच्यातलं पपेन हे विकर साठ-सत्तर अंशांना सर्वात जोमानं काम करतं, म्हणजे खरा उद्योग भांडं तापताना होतो, आणि वरचा थर पिठूळ होतो तेव्हा गाभ्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग सुती दोऱ्यानं घट्ट बांधून, कपभर पाण्यावर जाळी ठेवून कुकरमध्ये मंद आचेवर चाळीस मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्यायची. शिटी उचलून सोडली तर दाब एकदम उतरतो, आतलं पाणी उसळतं आणि रस घेऊन बाहेर पडतं. दमाचा मार्ग मला जास्त आवडतो. जाड बुडाचं पातेलं, कडेला कणीक, खाली तवा आणि अडीच-तीन तास बारीक आच. चव तीच, पण धागे कमी विस्कटतात.

वेळेचा हिशेब वजनावर करू नका, जाडीवर करा. उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ साधारण चौपट. हाड गेल्यामुळे जाडी तुमच्या हातात आली. उघडून चापट केलेली तीन-चार सेंटिमीटरची मांडी तव्यावर किंवा निखाऱ्यावर झटपट होते, पण हे फक्त कोवळ्या कोकराला शोभतं. बोकडाची अशी भाजली तर पुन्हा चपलेचा तळ.

वरचा खरपूस थर शेवटी. 1847 मध्ये लीबिग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञानं सांगितलं की आधी भाजल्यानं रस आत कोंडला जातो, आणि टीव्हीवरचे शेफ अजून तेच सांगतात. ते चूक आहे. भाजलेल्या थरातून रस बाहेर येतो, तव्यावर चुरचुरतो तोच. भाजायचं ते चवीसाठी. भाजताना खरपूस रंग आणि चव आणणारी रासायनिक प्रक्रिया माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 मध्ये मांडली आणि ती चांगली रंगते 140 अंशांच्या वर. ओल्या पृष्ठभागाला पाणी शंभरापुढे जाऊ देत नाही, म्हणून कुकरमधून काढलेली मांडी फडक्यानं कोरडी करायची, तेलात चहूबाजूंनी परतायची आणि काळं तिखट अगदी शेवटच्या मिनिटाला टाकायचं, नाहीतर ते करपून कडवट होतं. पंधरा मिनिटं थांबून धाग्यांना आडवी कापायची.

काढलेलं हाड मी दुसऱ्या पातेल्यात तीन तास उकळायला ठेवलं होतं. रात्री ते गाळून फ्रीजमध्ये सरकवलं. सकाळी झाकण काढून पातेलं हलवलं, तर पातळ रस्सा खरवसासारखा थरथरत होता. चाचांना फोटो दाखवला. "ही तुमची नळी," मी म्हटलं. ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी दोन घेऊन जा."